परदेश प्रवासात इंटरनेटवरून फोन: पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी निघालेले आई-बाबा आता महाराष्ट्रात गल्लोगल्ली भेटतात. भाजणी, मेतकूट, औषधांच्या चिठ्ठ्या, प्रवास विमा ही तयारी महिनाभर आधी सुरू होते. फोनचं मात्र "तिकडे गेल्यावर बघू" म्हणून राहून जातं. मग विमानतळावर उतरल्यावर वायफाय मिळत नाही, बँकेचा ओटीपी येत नाही आणि गावाकडच्या साध्या फोनवर असलेल्या आजीला फोन लागत नाही. हे सगळं घरबसल्या, निघण्याआधीच्या आठवड्यात सोडवता येतं. उपकरणं स्वस्त आहेत आणि वापरायला अवघड नाहीत. फक्त कुठलं उपकरण कशासाठी, हे आधी कळायला हवं.

आधी हे लक्षात घ्या: इंटरनेट वेगळं, नंबर वेगळा

"परदेशात फुकट बोला" असं लिहून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत दोन अगदी वेगळ्या जाती असतात आणि नवा माणूस नेमका इथे गोंधळतो.

पहिली जात फक्त इंटरनेट पुरवते. पॉकेट वायफाय म्हणजे खिशात मावणारं राउटर, त्यात एक सिम आणि एक बॅटरी. ट्रॅव्हल राउटर म्हणजे हॉटेलचं किंवा घरातलं इंटरनेट घेऊन त्यातून तुमचं स्वतःचं वायफाय तयार करणारी डबी. ईसिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, हेही याच जातीतलं. यातलं काहीही घेतलं तरी तुम्हाला फोन नंबर मिळेलच असं नाही. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी बरीच सिमकार्डं फक्त डेटाची असतात, त्यांच्यावरून साधा फोन लावताच येत नाही.

दुसरी जात नंबर पुरवते, पण तिला इंटरनेट बाहेरून द्यावं लागतं. फोनमध्ये टाकायचं इंटरनेट कॉलिंगचं ॲप यात येतं. साध्या लँडलाइनच्या हँडसेटला इंटरनेटशी जोडणारी एटीए नावाची छोटी डबीही यातच. अमेरिकेत २००७ पासून मिळणारं मॅजिकजॅक हे त्याच प्रकारचं: एका टोकाला संगणकात किंवा राउटरमध्ये जोडायचं, दुसऱ्या टोकाला टेलिफोनची वायर.

म्हणजे प्रत्येक प्रवाशाला दोन प्रश्नांची उत्तरं लागतात. इंटरनेट कुठून येणार? आणि फोन कुठल्या नंबरवरून जाणार-येणार? ही दोन्ही उत्तरं कागदावर उतरल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

पहिली पायरी: कोण कोणाला फोन करणार, ते लिहून काढा

वही घ्या आणि चार रकाने करा.

पहिल्या रकान्यात स्मार्टफोन असलेली माणसं: भाऊ, वहिनी, मैत्रिणी, भिशीचा ग्रुप. यांच्यासाठी व्हॉट्सॲपसारखं ॲप पुरतं, दुसरं काही लागत नाही.

दुसऱ्या रकान्यात साधा फोन किंवा लँडलाइन असलेली माणसं आणि ठिकाणं: गावची आजी, दवाखाना, सोसायटीचा वॉचमन, बँकेची शाखा. इथे ॲप-टू-ॲप चालत नाही, खरा नंबर लावावा लागतो.

तिसऱ्या रकान्यात तुमच्या भारतीय नंबरवर येणाऱ्या गोष्टी: ओटीपी, बँकेचे मेसेज, विमा कंपनी, गॅस एजन्सी.

चौथ्या रकान्यात तिथले स्थानिक फोन: डॉक्टर, टॅक्सी, शेजारी, नातवाची शाळा.

बहुतेक कुटुंबांत पहिला रकाना सर्वांत मोठा असतो. अडचण येते ती तिसऱ्यामुळे, म्हणून तोच आधी सोडवू.

दुसरी पायरी: भारतीय सिम जिवंत ठेवा

भारतीय सिम काढून ड्रॉवरमध्ये ठेवून जाऊ नका. ते फोनमध्येच राहू द्या आणि परदेशातलं इंटरनेट दुसऱ्या सिमवरून किंवा ईसिमवरून घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना खातं चालू सिमशी बांधून ठेवण्याचे आदेश दिले. त्यामुळे ज्या नंबरवर व्हॉट्सॲप आहे ते सिम फोनमध्ये असणं आता आणखी महत्त्वाचं झालं आहे.

निघण्याआधी कंपनीच्या ॲपवरून किंवा दुकानात जाऊन आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. प्रीपेड असेल तर परत येण्याच्या तारखेपुढे जाईल इतक्या वैधतेचं रिचार्ज करा. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन या चार गोष्टी करा:

१. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद करा. धक्कादायक बिलं येतात ती सहसा इथूनच.

२. मोबाइल डेटासाठी दुसरं सिम किंवा ईसिम निवडा.

३. एका सिमवरचा डेटा कमी पडला तर आपोआप दुसऱ्यावर जाण्याची सोय असते, ती बंद करा. ही खूण पटकन दिसत नाही, मोबाइल डेटाच्या पानावर खाली शोधावी लागते.

४. व्हॉट्सॲपने नवा नंबर दिसल्यावर "नंबर बदलायचा का" असं विचारलं तर जुनाच ठेवा.

रोमिंगवर येणारे एसएमएस भारतीय कंपन्यांकडे सहसा फुकट असतात, त्यामुळे ओटीपीची काळजी मिटते. येणारा फोन उचलला तर मात्र रोमिंगचा दर लागतो. तो वाजू द्या आणि त्या माणसाला ॲपवरून उलट फोन करा.

वायफाय कॉलिंग ही सोय बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आहे, पण तिच्याकडे लक्ष गेलेलं नसतं. एअरटेलने ती भारतात डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणली. टॉवरऐवजी वायफायवरून, तुमच्या नेहमीच्याच नंबरने, नेहमीच्याच डायलरमधून फोन लागतो. वेगळं ॲप लागत नाही, समोरच्याला काही कळतही नाही. दुसऱ्या रकान्यातल्या आजीसाठी याहून सोपा उपाय नाही. मात्र परदेशातल्या वायफायवरून केलेला फोन घरचा धरायचा की रोमिंगचा, हे प्रत्येक कंपनी आणि प्रत्येक देशागणिक वेगळं असतं. ग्राहक सेवेला दोनच प्रश्न विचारा: अमुक देशातून वायफाय कॉलिंग चालेल का, आणि आलेल्या व केलेल्या फोनला दर काय लागेल? उत्तर तोंडी घेऊ नका, चॅटवर घ्या आणि त्याचा फोटो ठेवा.

तिसरी पायरी: इंटरनेट कुठून घ्यायचं ते ठरवा

एकटा माणूस, नवा फोन, एक देश: ईसिम घ्या. क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. आयफोनमध्ये ही सोय २०१८ च्या मॉडेलांपासून आहे. अँड्रॉइडमध्ये *#०६# दाबून पाहा. आयएमईआयसोबत (हा फोनचा ओळख क्रमांक) ईआयडी नावाचा लांब आकडा दिसला तर फोन ईसिम घेतो.

एक बारकावा. प्रवाशांसाठी विकली जाणारी बरीच ईसिम दुसऱ्याच देशाच्या कंपनीची असतात. तुम्ही बसलेले असता पॅरिसमध्ये आणि इंटरनेट जाऊन येतं सिंगापूरवरून. पाने उघडताना हे जाणवत नाही, बोलताना जाणवतं, कारण आवाज तेवढा लांब वळसा घेतो. रोज तासभर बोलणार असाल तर त्या देशातल्याच कंपनीचं सिम किंवा ईसिम घेतलेलं बरं.

तीन-चार जणांचं कुटुंब, जुने फोन, सोबत लॅपटॉप: पॉकेट वायफाय. बहुतेक मॉडेलांना एका वेळी दहाएक उपकरणं जोडता येतात आणि दिवसभर फिरून येईपर्यंत, अधूनमधून चार्ज केलं तर, बॅटरी टिकते. सगळ्यांनी एकत्र राहायचं हीच त्याची मर्यादा. बाबा डबी खिशात घेऊन कॉफी आणायला गेले की आई आणि मुलांचं इंटरनेट त्यांच्यामागून जातं. जपानमध्ये हे भाड्याने घेण्याची चांगली सोय आहे: विमानतळावरच्या काउंटरवर घ्यायचं आणि परतताना सोबत दिलेल्या, टपाल भरलेल्या पाकिटात घालून पोस्टाच्या पेटीत टाकायचं.

भारतातून पॉकेट वायफाय विकत घेऊन नेणार असाल तर थांबा आणि दोन गोष्टी तपासा. पहिली, ते एका कंपनीला कुलूपबंद आहे का. जिओफाय फक्त जिओच्या सिमवर चालतं, तिथलं सिम ते घेतच नाही. दुसरी, ते कुठल्या बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या कुठल्या पट्ट्यावर चालतं. जिओफायचे फोरजी बँड ३, ५ आणि ४०, तर अमेरिकेतल्या कंपन्यांचा भर २, ४, १२, १३, ६६, ७१ अशा बँडवर. बँड जुळला नाही तर डबी चालू दिसते, दिवा लागतो आणि नेटवर्क मिळत नाही. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बँडचे आकडे छापलेले असतात. ते तिथल्या कंपनीच्या आकड्यांशी ताडून पाहा.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. आता तिथे साधा फोन फोरजीवरूनच, म्हणजे व्होल्टीवरून लागतो आणि भारतात घेतलेल्या काही फोनना तिथल्या कंपन्या व्होल्टी देत नाहीत. इंटरनेट उत्तम चालतं, डायलरमधून मात्र फोन लागत नाही. सिम घेण्याआधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपला आयएमईआय टाकून पाहा.

मुलाच्या घरीच राहणार असाल तर घरातलं वायफाय आहेच, बाहेर फिरण्यापुरतं छोटं डेटा पॅक पुरे.

डेटा किती लागतो? आवाजाला भीती वाटते त्याहून फार कमी. कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करून पाठवण्याची पद्धत. टेलिफोनच्या दर्जाचा जुना जी.७११ कोडेक वापरला तर एका दिशेने सेकंदाला साधारण ८७ किलोबिट जातात. दोन्ही दिशा धरून मिनिटाला सव्वा एमबीच्या आसपास, तासाला ८० एमबी. रोज तासभर बोललात तरी महिन्याला अडीच जीबीच्या आत. आजची ॲप ओपससारखे कोडेक वापरतात, ते याहून कमी घेतात. डेटा संपवतो तो व्हिडिओ, तासाला सहज अर्धा जीबी. नातवाचं तोंड बघायचंय तेव्हा घरचं वायफाय आणि रस्त्यावर असताना नुसता आवाज, हा हिशेब घालून घ्या.

चौथी पायरी: लांबच्या मुक्कामासाठी खरा फोन

सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना ॲप उघडून नाव शोधण्यापेक्षा हँडसेट उचलून नंबर फिरवणं सोयीचं वाटतं. त्यांच्यासाठी एटीए घेण्याचा आग्रह मी नेहमी धरतो. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी८०१ सारखी डबी तळहातावर मावते. तिला एका बाजूने राउटरची इथरनेट वायर, दुसऱ्या बाजूने साधा टेलिफोन. आत इंटरनेट टेलिफोन सेवेचं नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता एकदाच भरायचा. मग डायल टोन येतो, अगदी जुन्या काळ्या फोनसारखा. हे काम घरातल्या तरुण माणसाने करून द्यावं, पाऊण तास पुरतो.

सेवा निवडताना पाहा: इंटरनेटवरून फोन जोडण्याच्या एसआयपी या सर्वमान्य पद्धतीवर चालते का, म्हणजे उपकरण बदललं तरी खातं तेच राहतं. पैसे आगाऊ भरायचे की महिन्याला, आणि भारतातल्या मोबाइल व लँडलाइनला मिनिटाचा दर काय, हेही पाहा. पासवर्ड लांब ठेवा आणि आपोआप रिचार्ज बंद ठेवा. एसआयपी खाती फोडून रात्रीतून महागड्या देशांना फोन लावणाऱ्या टोळ्या खरोखर आहेत. खात्यात पैसे थोडेच असले तर नुकसानही थोडंच होतं.

जुन्या लेखांत स्काइपवरून लँडलाइनला फोन करण्याचा सल्ला अजून सापडतो. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. तो सल्ला सोडून द्या.

हाच प्रकार उलट दिशेनेही कामाचा आहे. उन्हाळ्यात नाशिकला किंवा कोल्हापूरला येणारे परदेशस्थ आपला तिकडचा इंटरनेट नंबर ॲपमध्ये घालून आणू शकतात. तिकडची बँक, डॉक्टर, शाळा यांना तिकडच्याच दरात फोन जातो. भारतातून इंटरनेटवरून परदेशातल्या फोनला कॉल करायला १ एप्रिल २००२ पासून परवानगी आहे. भारतातल्या नेटवर्कवर फोन उतरवणारी इंटरनेट सेवा मात्र परवानाधारक कंपनीच देऊ शकते. बीएसएनएलने २०१८ मध्ये विंग्ज नावाने अशी पहिली सेवा जाहीर केली.

म्हणून एक गोष्ट अजिबात करू नका. काहीजण सुचवतात की पुण्याच्या घरात सिम घालायचं एक गेटवे यंत्र ठेवा, परदेशातून इंटरनेटवरून त्याला जोडा आणि तिथून पुढे लोकल फोन लावा. बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज म्हणतात ते हेच. भिवंडीत अशा एक्स्चेंजवर पोलिसांच्या धाडी पडल्या आहेत. चार पैसे वाचवायला घरच्यांना त्या फेऱ्यात अडकवू नका.

पाचवी पायरी: घरी रंगीत तालीम

हा भाग गाळू नका. जे घरात चालत नाही ते फ्रँकफर्टच्या विमानतळावर चालणार नाही.

आधी फोनमधले सगळे नंबर +९१ लावून साठवा. मोबाइलला +९१ आणि दहा आकडे. पुण्याच्या लँडलाइनला +९१, मग २०, मग आठ आकडे. सुरुवातीचं शून्य काढून टाकायचं. नुसते दहा आकडे भारतात चालतात, अमेरिकन सिमवरून ते अमेरिकेतलाच कुठला तरी नंबर समजले जातात. ॲप, एटीए, वायफाय कॉलिंग, सगळीकडे "+९१ सह" हा एकच नियम ठेवा.

मग फोन विमान मोडमध्ये टाका, फक्त वायफाय चालू करा आणि वहीतल्या प्रत्येक रकान्यातल्या एकेका माणसाला फोन लावून पाहा. कोणाला आवाज तुटक येतो, कोणाला येतच नाही, ते लिहून ठेवा. वायफाय कॉलिंग चालू असेल तर स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर तशी खूण दिसते, ती आई-बाबांना बोट ठेवून दाखवा. शेवटी त्यांच्याच हातात फोन द्या आणि आपण बाजूच्या खोलीत जा. त्यांनी मदतीशिवाय दोनदा फोन लावला की तालीम झाली.

इयरफोन वायरचा द्या. ब्लूटूथमुळे आवाजाला थोडा उशीर होतो, आणि स्पीकरवर बोललं की समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो.

कागदावर एक चिठ्ठी करा: मुलाचा पूर्ण पत्ता, त्याचा नंबर, वायफायचं नाव व पासवर्ड, ईसिम कंपनीचा मदत क्रमांक. फोनची बॅटरी संपली की फोनमधली माहिती उपयोगाची नसते.

सहावी पायरी: बॅगेत काय आणि कुठे

पॉकेट वायफाय आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच. लिथियम बॅटरीमुळे पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक विनापरवानगी नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते. खोक्यावर एमएएच लिहिलेलं असतं. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे ७४ वॉट-अवर, चालेल. मात्र छापलेला आकडा पुसला गेलेली जुनी पॉवर बँक तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी घातली आहे. फोन घरूनच भरून निघा.

प्लग: अमेरिकेत दोन चपट्या पट्ट्या आणि १२० व्होल्ट, ब्रिटन आणि दुबईत तीन चौकोनी पिना, युरोपात बहुतेक ठिकाणी दोन गोल पिना. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त अडॅप्टर पुरतो.

सातवी पायरी: हॉटेलचं वायफाय

इथे ट्रॅव्हल राउटरचं मोल कळतं. हॉटेलात वायफाय जोडलं की ब्राउझरमध्ये एक पान उघडतं: खोली क्रमांक टाका, आडनाव टाका, अटी मान्य करा. फोनला ते जमतं. एटीएला ब्राउझरच नाही, त्यामुळे ते त्या दारातच अडतं. शिवाय पुष्कळ हॉटेलांत दोन-तीन उपकरणांचीच मुभा असते.

ट्रॅव्हल राउटर असा लावा:

१. राउटर यूएसबी चार्जरवर चालू करा आणि फोन त्याच्या वायफायला जोडा.

२. फोनच्या ब्राउझरमधून राउटरचं पान उघडा. पत्ता त्याच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर असतो.

३. "रिपीटर" निवडा, यादीतून हॉटेलचं वायफाय निवडून जोडा.

४. आता फोनवर कुठलंही साधं पान उघडा. हॉटेलचं लॉगिन पान येईल, तिथे खोली क्रमांक आणि आडनाव भरा.

५. झालं. हॉटेलला एकच उपकरण दिसतं, तुमचे चारही फोन आणि एटीए त्यामागे चालतात. पुढच्या हॉटेलात या यादीतलं फक्त ३ आणि ४ पुन्हा करायचं. फोनना काही सांगावं लागत नाही, त्यांच्यासाठी वायफायचं नाव तेच राहतं.

लॉगिन पान येत नसेल तर राउटरमधली डीएनएसची (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी) खास सेटिंग आणि व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारी सोय) तात्पुरते बंद करून पाहा. राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड मात्र घरीच बदलून ठेवा.

आवाज बिघडला तर

लक्षणावरून कारण ओळखता येतं.

तुम्हाला ऐकू येतं पण समोरच्याला नाही, किंवा उलट: फोन लागतो आणि आवाज एकाच दिशेने जातो. ॲप किंवा एटीए एसआयपीवर असेल तर कारण बहुधा राउटरमध्ये असतं. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय असते, ती मदतीसाठी केलेली असली तरी बहुतेक वेळा मोडताच घालते. ती बंद करा. आपल्या ताब्यात नसलेल्या वायफायवर असाल तर ॲपमध्ये टीएलएस (सांकेतिक जोडणी) निवडा, किंवा वायफाय सोडून मोबाइल डेटावर या.

शब्द तुटतात, माणूस यंत्रासारखा बोलतो: आवाज ज्या छोट्या तुकड्यांत जातो ती डेटाची पाकिटं हरवताहेत. वेग जास्त असून उपयोग नाही, शंभरातली एक-दोन पाकिटं हरवली तरी कानाला टोचतं. राउटरजवळ जा, ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायला जोडा, घरात कोणी मोठी फाइल चढवत असेल तर थांबवायला सांगा.

दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघं एकाच वेळी गप्प होतात: हा उशीर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर संभाषणाला खटकत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे साठ-पासष्ट मिलिसेकंद तर निव्वळ अंतरातच गेले. उरलेल्या वेळात केबलचे वळसे, वायफाय आणि ॲपचं काम बसायला हवं. म्हणून व्हीपीएन, वळसा घेणारं ईसिम, ब्लूटूथ यातलं जे काढता येईल ते काढा.

देशोदेशीचे नियम

दुबई, अबूधाबी आणि बाकीच्या अमिरातींत व्हॉट्सॲपवर मेसेज चालतात, कॉल चालत नाहीत, फेसटाइमही नाही. बॉटिमसारखी परवानगी मिळालेली ॲप वापरावी लागतात. तिथे जाणाऱ्याने निघण्याआधी बॉटिम आपल्या आणि घरच्यांच्या फोनमध्ये टाकून बोलून पाहावं. झूम, टीम्स आणि गूगल मीटही चालतात. व्हीपीएन लावून बंदी ओलांडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गुन्ह्यासाठी व्हीपीएन वापरल्यास तिथल्या कायद्यात किमान पाच लाख दिरहॅम दंड आहे.

चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या वायफायवर उघडत नाहीत. बाहेरच्या देशाचं रोमिंग सिम वापरलं तर त्याचं इंटरनेट मूळ कंपनीच्या देशातून येतं, त्यामुळे ते चालतं. तिथे भारतीय रोमिंग पॅकचे पैसे सार्थकी लागतात.

भारतात येणाऱ्या नातेवाइकांना हे आवर्जून कळवा: सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं उपकरण आणू नका. ट्रेकसाठी म्हणून आणलेलं असलं तरी परवानगीशिवाय ते बाळगणं इथे गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक यामुळे पोलिस ठाण्यापर्यंत गेले आहेत. शिवाय आपल्या रेल्वे स्थानकांवरचं रेलटेलचं वायफाय मोबाइलवर आलेल्या ओटीपीने उघडतं. त्यांना आल्या आल्या भारतीय सिम घेऊन द्या.

देशातल्या देशात लेह-लडाख किंवा काश्मीरला जाणाऱ्यांसाठी: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. पॉकेट वायफायमध्येही पोस्टपेड सिमच हवं. ग्रुपमध्ये एकाकडे जरी ते असलं तरी हॉटस्पॉटवरून सगळ्यांचं भागतं.

तातडीच्या वेळी

आणीबाणीत इंटरनेटचा फोन वापरू नका, मोबाइलचा साधा डायलर उघडा. अमेरिका-कॅनडात ९११, युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये रुग्णवाहिका-अग्निशमनाला ११९ आणि पोलिसांना ११०, अमिरातींत पोलिसांना ९९९ आणि रुग्णवाहिकेला ९९८. इंटरनेटच्या नंबरला तुम्ही कुठे आहात हे कळत नाही. अमेरिकेत अशा खात्यावर पत्ता नोंदवलेला असतो आणि मदत त्या नोंदलेल्या पत्त्यावर जाते. एटीए बॉस्टनच्या मुलाकडून डॅलसच्या मुलीकडे नेलं तर त्याच दिवशी पत्ता बदला. आणि वायफाय गेलं, वीज गेली की एटीए मुकं होतं, हे आई-बाबांना नीट सांगून ठेवा.

परत निघताना

भाड्याचं पॉकेट वायफाय परत करायची तारीख तिकिटाच्या तारखेशी जुळवून घ्या, उशिराचा दंड रोजच्या हिशेबाने चढतो. ते देण्याआधी त्यातली सेटिंग रीसेट करा. तिकडच्या सिमचं आपोआप नूतनीकरण बंद करा, पण ईसिम लगेच पुसू नका; काही कंपन्यांचं तेच ईसिम पुढच्या फेरीला रिचार्ज करता येतं. मुंबईला उतरल्यावर मोबाइल डेटा पुन्हा भारतीय सिमवर आणा. रोमिंग बंद करा आणि पुढच्या बिलावर किंवा प्रीपेडच्या शिल्लकेवर एकदा नजर टाका. न केलेल्या फोनचे पैसे लागलेले दिसले तर वायफाय कॉलिंगबद्दलच्या त्या चॅटचा फोटो जोडून तक्रार करा.